सामायिकाच्या खोलीखाली

फ्रीमाँटमधील त्या घराची रचना कॅलिफोर्नियातील अनेक टाउनहाउससारखीच आहे. तळाला मोटारीचे गॅरेज आणि त्याच्या नेमके वर एक खोली. जयसिंगपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजींना तीच खोली देण्यात आली, कारण तिच्या खिडकीतून पूर्वेकडचे डोंगर दिसतात. सूर्योदयापूर्वी पाणीही न घेणाऱ्या माणसाला उगवती दिसणे सोयीचे असते. पहाटे साडेपाचला आजी चटई अंथरून सामायिकास बसत. दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे. आणि सहा वाजून पाच मिनिटांनी, डंबार्टन पुलावर गर्दी होण्याआधी कचेरी गाठण्यासाठी, खाली नातू मोटार सुरू करी.

मोटार सेकंडहँड होती, पण साधी नव्हती. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय, दोन लिटरचे टर्बो इंजिन. पहिल्या नोकरीच्या पहिल्या वर्षाची सारी बचत त्याने तिच्यात घातली होती. आधीच्या मालकाने मूळ सायलेन्सर काढून सरळ नळीचा एक्झॉस्ट बसविलेला होता आणि खरे सांगायचे तर त्या आवाजावर भुलूनच नातवाने ती घेतली. रविवारी आजींना मिल्पिटासच्या जैन भवनात नेताना मात्र तो मोटार दोन गल्ल्या अलीकडे उभी करी. गुडघे दुखत असताना आजी तेवढे अंतर चालत. जागा मिळत नाही, असे तो सांगे. जागा असे.

एका रात्री काहीतरी शोधताना घराच्या दुसऱ्या टोकाची कपड्यांची कोठी त्याने उघडली. टांगलेल्या कोटांखाली आजींची चटई आणि जपमाळ ठेवलेली होती.

“आई तिथंच बसतात आता,” आई म्हणाली. “पंधरा दिवस झाले. तुला सांगू नको म्हणाल्या.”

पहिल्यांदा त्याला रागच आला. एक शब्द बोलली असती तर काय बिघडले असते? दुसऱ्या दिवशी त्याने तसे विचारलेही. आजींनी उत्तर दिले नाही, उलट विचारले, “त्या आवाजानं गाडी जास्त पळते का रे?”

प्रश्न भाबडा वाटला, तरी त्याचे उत्तर त्याला प्रामाणिकपणे देता येईना. टर्बो इंजिनात जळालेल्या वायूला पुढे वाट मोकळी मिळाली तर थोडा लाभ होतो, हे खरे. परंतु वायूला वाट मोकळी करणे आणि ध्वनीला मोकाट सोडणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बाजारात त्या एकाच किमतीत विकल्या जातात एवढेच. त्याच्या जुन्या नळीने ताकद फारशी दिली नव्हती, गर्जना भरपूर दिली होती. आजी त्या दिवसांत ‘रत्नकरंड श्रावकाचारा’चा स्वाध्याय करीत होत्या. आचार्य समंतभद्रांनी अनर्थदंडव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत मौखर्य, म्हणजे निष्कारण बडबड, हा एक आहे. आजींनी ते त्याला वाचून दाखविले नाही. पुस्तक टेबलावर उघडे राहिले होते.

मूळ सायलेन्सर परत बसवून टाक, असे वडिलांचे म्हणणे. ते सोपे होते. पण त्या मोटारीवर त्याचे प्रेम होते आणि प्रेमाच्या वस्तूचा स्वर त्याला अगदीच गमवायचा नव्हता. यात हसण्यासारखे काही नाही. याच मोटारीच्या निर्मात्याने पुढच्या काचेच्या बुडाशी एक कंपन करणारे यंत्र बसवून इंजिनाचा नाद मुद्दाम आत आणला आहे. फरक इतकाच, की तो नाद आत बसलेल्यालाच ऐकू येतो.

मग त्याने विषय नीट समजून घेतला. सायलेन्सर मुख्यतः दोन प्रकारचे. एकात भिंती घालून कप्पे पाडलेले असतात. ध्वनीच्या लाटा त्यांवर आपटून परततात आणि एकमेकींना मारतात. दुसऱ्यात छिद्रांची सरळ नळी असते आणि तिच्याभोवती काचतंतू किंवा तत्सम लोकर ठासलेली असते. ही लोकर उष्णतेने हळूहळू जळते, उडून जाते, आणि नवा असताना सुसह्य असलेला एक्झॉस्ट दोन-चार वर्षांत कर्कश होतो. त्याच्या मोटारीचे तेच झाले होते. सायलेन्सरच्या दुकानातील वृद्ध मेक्सिकन कारागिराने डब्यावर बोटाच्या पेराने टकटक केले आणि आत काही उरलेले नाही हे आवाजावरूनच सांगितले. आजी बाजारात मडके घेताना असेच करतात.

कायदा त्याच्या मदतीला आला नाही. कॅलिफोर्नियात मोटारीच्या एक्झॉस्टला ९५ डेसिबलची मर्यादा आहे, परंतु ती नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर मोजतात. त्या मर्यादेत बसणारी मोटारही पहाटेच्या गल्लीत शांत ठरेलच असे नाही. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकण्याचा मार्ग काहीजण घेतात. तो बेकायदा आहे आणि हवेत विष सोडणारा आहे, म्हणून त्याचा विचारही झाला नाही. बदल करायचा तो कन्व्हर्टरच्या मागच्या भागातच.

खरी अडचण होती ती वेगळीच. फोनवरचा ध्वनिमापक त्याने आजींच्या खोलीत ठेवला तर आकडा अगदी बेताचा आला. मग लाकडी जमीन थरथरते का? थंड इंजिन सुरू होताच कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून मिनिटभर जास्त फेऱ्यांवर चालते. मिनिटाला १२०० फेऱ्या धरल्या तर चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला ४० स्फोट होतात. एवढा खर्जातला स्वर आपला कान कमी ऐकतो, म्हणून नेहमीचा डेसिबलचा आकडा काढताना त्यातून ३०हून अधिक डेसिबल वजाच केले जातात. फोन खोटे बोलत नव्हता. पण लाकडी सांगाड्याचे घर खर्ज पुरेपूर वाहून नेते, आणि डोळे मिटून जमिनीवर बसलेल्या माणसाला तो कानाने नव्हे, मांड्यांतून कळतो.

म्हणून आकड्यावर भरवसा न ठेवता त्याने एका रविवारी परीक्षा घेतली. त्याच्या दोन सहकाऱ्यांकडे हीच मोटार होती. एकीला मागे नुसता सरळ सायलेन्सर, दुसरीला मध्ये रेझोनेटर आणि मागे कप्प्यांचा मोठा सायलेन्सर. वडील खाली एकेक मोटार आळीपाळीने गॅरेजात घेऊन, दार उघडे ठेवून सुरू करणार. नातू वर, आजींच्या चटईवर, मांडी घालून, डोळे मिटून. पहिल्या मोटारीला त्याचे चित्त नवव्या मण्यावर मोडले. वस्तुतः तो जप करीत नव्हता, नुसते मणी सरकवीत होता, तरी मोडले. दुसऱ्या मोटारीला खाली काहीतरी सुरू झाले आहे एवढेच जाणवले.

रेझोनेटरचा आणखी एक उपयोग त्याला कारागिराने सांगितला. महामार्गावर २४०० फेऱ्यांच्या आसपास सेकंदाला ८० कंपनांचा एक सलग घुमारा मोटारीत भरतो आणि तासाभरात डोके उठवतो. त्यावर उपाय म्हणून मुख्य नळीला शेवट बंद असलेली एक आडनळी जोडतात. तापलेल्या वायूत ध्वनी सेकंदाला सुमारे ५०० मीटर जातो, तेव्हा ८० कंपनांसाठी तिची लांबी साधारण दीड मीटर भरते. त्या बंद वाटेने गेलेली लाट उलटी होऊन परत येते आणि मूळ लाटेला गिळते. कारागिराला ते गणित येत नव्हते, लांबी मात्र पाठ होती.

शेवटी कप्प्यांचा सायलेन्सर आणि रेझोनेटर असलेला संच घेतला. स्टेनलेस ३०४चा, म्हणजे घरातल्या चांगल्या डब्यांच्या पोलादाचा. सरळ नळीपेक्षा तो वजनाला जड आणि किमतीलाही. मित्रांपैकी एकाने विचारले, एवढे पैसे घालून आवाज कमी केलास? चढावर गॅस दाबला की त्याचा स्वर अजूनही भरदार येतो. तेवढा त्याने राखला. शिवाय पहाटे तो आता मोटार गॅरेजात सुरूच करीत नाही. रात्रीच तिला आवाराच्या टोकाशी, रस्त्याच्या कडेला उभी करतो.

चटई कोठीतून परत पूर्वेच्या खिडकीपाशी आली. आठवडाभराने आजींनी त्याला हाक मारली.

“आज गेला नाहीस कामाला?”

“गेलो होतो की, आज्जी. आत्ताच आलो.”

“मला कळलंच नाही. सकाळभर वाटत राहिलं, पोरगं उठलं नाही, बरं नाही की काय.” मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, “खालीच ठेवत जा गाडी. आता तेवढ्यानं काही होत नाही. गेलास, एवढं कळू दे.”