फाल्कोनेत्तीचा चेहरा

चित्रपट पाहून आल्यावर घास घशाखाली उतरला नाही, असे माझ्या आयुष्यात एकदाच घडले. जवळजवळ तीस वर्षांपूर्वी पुण्यात चित्रपट रसास्वादाच्या एका शिबिराला गेलो होतो. दुपारची वेळ, पंख्यांची घरघर आणि पडद्यावर १९२८ सालचा एक मूकपट. कार्ल थिओडोर ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाने फ्रान्समध्ये निर्माण केलेला, संत जोन ऑफ आर्कच्या अखेरच्या दिवसांवरचा. संताचा चित्रपट म्हणजे मेघ, प्रकाशझोत आणि वर पाहणारे डोळे, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात दिसला तो एका स्त्रीचा चेहरा. दीड तासाच्या आसपास मी तोच चेहरा पाहत होतो.

रने फाल्कोनेत्ती हे त्या स्त्रीचे नाव. पॅरिसलगतच्या पांतँ येथे २१ जुलै १८९२ रोजी ती जन्मली. ती रंगभूमीवरची नटी होती, आणि तीही मुख्यत्वे हलक्याफुलक्या नाटकांतली. ‘कोमेदी फ्रांसेझ’ या मान्यवर नाट्यसंस्थेतही ती काही काळ होती, पण तिथे फार रमली नाही. ड्रायरने तिला अशाच एका लोकप्रिय नाटकात पाहिले आणि भेटायला गेल्यावर रंगभूषेविना समोर येण्याची विनंती केली. त्या पावडरीच्या आड त्याला एक साधी, सोसलेली स्त्री दिसली. चित्रीकरण झाले ते १९२७ साली. फाल्कोनेत्ती पस्तिशीची, आणि जोन एकोणिसाव्या वर्षी जाळली गेलेली खेडवळ मुलगी! तरीही पडद्यावर वयाचा प्रश्न एकदाही मनात येत नाही.

हा तिचा एकमेव चित्रपट, असे पुष्कळदा छापून येते. ते खरे नव्हे. १९१७ साली तिने दोन चित्रपटांत काम केले होते. परंतु आज तिची आठवण काढली जाते ती या एकाच भूमिकेसाठी.

ड्रायरने न्यायचौकशीच्या मूळ नोंदींचा आधार घेतला होता. १४३१ साली रुआँ येथे अनेक आठवडे चाललेली ती चौकशी त्याने जणू एका दिवसात आणून बसवली. प्रचंड खर्च करून सिमेंटचा किल्ला उभारला, आणि मग पडद्यावर तो जवळजवळ दाखवलाच नाही! कॅमेरा चेहऱ्यांपासून हटायला तयार नाही. कोणाच्याही चेहऱ्यावर रंग नाही. न्यायाधीशांच्या सुरकुत्या, चामखीळ, बोलताना ओठांची होणारी हालचाल, सारे उघडे. खालून टिपलेले ते धर्मपंडित डोंगराएवढे दिसतात, आणि त्यांच्यासमोर ही, पुरुषी वेषातली, डोळ्यांत पाणी साठलेली.

एक प्रसंग विसरता येत नाही. आपण देवाच्या कृपेत आहोत असे तुला वाटते काय, असा प्रश्न तिला विचारला जातो. प्रश्न नव्हे, सापळाच. हो म्हटले तर अहंकार, नाही म्हटले तर कबुली. ती उत्तरते : नसेन तर देवाने मला तीत घ्यावे, असेन तर तीतच राखावे. हे उत्तर ऐतिहासिक आहे. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षण ग्रंथात कृपेविषयीच्या विवेचनात ते उद्धृत केले आहे. ज्या मुलीला धर्मन्यायालयाने पाखंडी ठरवले, तिच्याच तोंडचे वाक्य आज धर्मशिक्षणात आहे. १४५६ साली तो निकाल रद्द झाला. १९२० साली पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी तिला संतपद बहाल केले. म्हणजे फाल्कोनेत्ती कॅमेऱ्यापुढे उभी राहिली तेव्हा जोन संत होऊन जेमतेम सात वर्षे लोटली होती.

चित्रीकरणाविषयी पुष्कळ कथा आहेत. ड्रायरने तिला दगडांवर गुडघे टेकायला लावले, रडवून रडवून तिच्याकडून ते भाव काढून घेतले, वगैरे. त्यांपैकी बहुतेकांवर मी विश्वास ठेवत नाही. मोठ्या कामगिरीमागे कोणाचा तरी छळ असलाच पाहिजे असे मानणे लोकांना सोयीचे वाटते. मात्र तिचे केस कापले गेले ते खरोखरचे. चित्रपटात ते कापलेले केस झाडून गोळा केले जातात. त्या केरात, सैनिकांनी थट्टेने तिच्या डोक्यावर ठेवलेला गवती मुकुटही असतो. तो दिसताच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटते. भीतीपोटी दिलेली कबुली ती मागे घेते, म्हणजे स्वतःचे मरण पत्करते.

मला त्या दिवशी जेवण गेले नाही, ते मात्र जोनमुळे नव्हे. न्यायाधीशांमुळे.

त्याआधी दोन वर्षे मी एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर होतो. सहलीच्या पैशांत तफावत आढळली आणि निनावी पत्र आले. एका तरुण शिक्षिकेला समितीपुढे बोलावले गेले. आम्ही सातजण टेबलाच्या एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला. कोणीही आवाज चढवला नाही. सारे सभ्यपणे चालले होते. “बाई, तुम्ही फक्त आठवून सांगा,” असे म्हणत एकच प्रश्न चार तऱ्हांनी विचारला गेला. तिने एवढेच म्हटले, “सर, ते पत्र मला वाचायला द्याल का?” ते दिले गेले नाही. हिशेबाची वही माझ्यासमोर होती. एका पानाची बेरीज पुढच्या पानावर नेताना चुकली असावी, अशी शंका मला तिथेच आली होती. पण अध्यक्ष वडीलधारे, उशीर झालेला. पुढच्या बैठकीत बोलू, असे मी ठरवले. पुढच्या बैठकीआधीच तिचा राजीनामा आला. चूक बेरजेचीच होती.

ड्रायरच्या चित्रपटात एक वृद्ध धर्मगुरू उठतो आणि जोनसमोर गुडघे टेकतो. इतरजण नजर चुकवतात, कुजबुजतात. कॅमेरा त्यांच्याही चेहऱ्यांवर तितकाच वेळ थांबतो. त्या चेहऱ्यांत मी माझा चेहरा शोधत होतो, आणि तो सापडत होता.

चित्रपटाचे पुढे जे झाले तेही विलक्षण. पॅरिसमध्ये आर्चबिशपांच्या आक्षेपावरून आणि सरकारी परीक्षकांच्या आज्ञेने त्यातली दृश्ये छाटली गेली. इंग्रज सैनिकांच्या चित्रणामुळे ब्रिटनमध्ये बंदी आली. डिसेंबर १९२८ मध्ये बर्लिनला लागलेल्या आगीत मूळ निगेटिव्ह जळाली. ड्रायरने उरलेल्या तुकड्यांतून दुसरी आवृत्ती जुळवली. १९२९ साली तीही आगीत गेली. फाल्कोनेत्तीने पॅरिसमध्ये स्वतः नाटके उभी केली, त्यांत पैसा गमावला. युद्धकाळात ती स्वित्झर्लंडला आणि तिथून दक्षिण अमेरिकेत गेली. १२ डिसेंबर १९४६ रोजी ब्वेनोस आयरेसमध्ये, दूर परमुलखात, तिने डोळे मिटले. ड्रायर १९६८ साली वारला. १९८१ साली नॉर्वेत, ऑस्लोजवळच्या दिकेमार्क मनोरुग्णालयातील एका कपाटात काही डबे सापडले. त्यांत काटछाट न झालेली मूळ प्रत होती. आम्ही पाहिला तो चित्रपट त्या डब्यांतून आला होता.

शिबिराहून परतल्यावर मी त्या शिक्षिकेला पत्र लिहिले. वहीविषयी, माझ्या शंकेविषयी, सारे. उत्तर आले नाही. सहा-सात वर्षांनी एका लग्नाच्या मांडवात ती समोर आली. दुसऱ्या शाळेत मुख्याध्यापिका झाली होती. “सर, पत्र मिळालं होतं,” ती म्हणाली. मग तिने माझ्या मुलींची चौकशी केली, आणि कोणीतरी हाक मारली म्हणून ती जेवणाच्या पंगतीकडे वळली.