खांदेरीचा डाव

अलिबाग,
कार्तिक शुद्ध पंचमी

चि. छोटूस,


तुझा आराखडा परवा मिळाला. नकाशा, सोंगट्यांची यादी, फाशांचे तक्ते, सगळं सावकाश वाचलं. इतके दिवस तुम्ही मित्र टेबलावर ट्राफल्गारची लढाई खेळत होतात आणि आता आपल्या इथल्या खांदेरी बेटाची लढाई मांडायचं ठरवलंत, याचा मला फार आनंद झाला. पण आधी दोष सांगतो. आराखडा कच्चा आहे तोवरच ते दुरुस्त होतील.

सगळ्यात मोठा दोष शेवटच्या पानावर आहे, जिंकण्याच्या अटींत. फ्रिगेट बुडवली तर वीस गुण, गुराब हे मोठं लढाऊ तारू घेतलं तर दहा, लहान गलबताला दोन. या हिशेबानं १८ ऑक्टोबर १६७९ची लढाई दहा-दहा गुणांनी बरोबरीत सुटते. त्या पहाटे दौलतखानाचं मराठा आरमार चौलकडून इतक्या वेगानं आलं की इंग्रजांना शिडं चढवायलाही जेमतेम सवड मिळाली. अर्ध्या तासाच्या आत त्यांच्या डव्ह नावाच्या गुराबेनं निशाण उतरवलं, बाकीची लहान तारवं लांब सरकली आणि रिव्हेंज ही फ्रिगेट एकटी उरली. तिच्यावर कॅप्टन मिंचिन आणि केग्विन होते. चहूबाजूंनी वेढले गेले असतानाही त्यांनी तोफा थंड पडू दिल्या नाहीत. पाच गलबतं बुडाली आणि उरलेला काफिला मागे फिरून खाडीत शिरला, असं इतिहासकार रॉबर्ट ओर्मनं लिहून ठेवलंय.

आणि खांदेरीचं काय झालं? मराठ्यांचा मायनाक भंडारी ऑगस्टअखेर दीडशे माणसं आणि चार तोफा घेऊन बेटावर उतरला होता. १८ ऑक्टोबरच्या लढाईनंतरही तो तट चढवतच राहिला. खुद्द बेटावर उतरण्याचा इंग्रजांचा प्रयत्न त्याआधीच, १९ सप्टेंबरला, लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्पच्या जिवावर बेतला होता. नोव्हेंबरात सिद्दी कासम इंग्रजांच्या बाजूनं आपलं आरमार घेऊन आला, त्यानं तोफांचा मारा केला, तरी बेट पडलं नाही. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी आपली जहाजं काढून घेतली. ज्या मोहिमेतल्या लढाईत इंग्रजांची सरशी झाली, त्या मोहिमेत त्यांच्या हाती काहीही लागलं नाही.

म्हणून खांदेरीचे गुण बुडालेल्या जहाजांवर नकोत, बेटाला लागलेल्या मचव्यांवर हवेत. चुना, लाकूड, धान्य, दारूगोळा यांनी भरलेला प्रत्येक मचवा म्हणजे तटाचा एक थर. इंग्रजांचं सगळं काम तो मचवा अडवणं एवढंच होतं आणि तेच त्यांना साधलं नाही. मराठ्यांच्या हलक्या होड्या रात्री वल्ह्यांच्या जोरावर त्यांच्या नाकासमोरून निघून जात. ही तक्रार त्यांच्याच पत्रांतून पुन्हा पुन्हा येते. युद्धखेळ मांडणाऱ्यानं काय मोजायचं ते ठरवलं की खेळणारा तेवढ्यासाठीच धडपडतो. तू बुडालेली जहाजं मोजलीस, तर तुझे मित्र दौलतखानाच्या जागी बसून रिव्हेंजच्या मागे लागतील आणि बेट विसरतील. मचवे मोजलेस, तर रिव्हेंजला दिवसभर गुंतवून ठेवणं हाही पराक्रम ठरेल.

यासाठी डावाचे दोन भाग कर. पहिला भाग रात्रींचा, कागदावरचा. मराठा खेळाडूनं किती मचवे, कुठल्या बाजूनं सोडायचे ते गुपचूप लिहावं; इंग्रज खेळाडूनं आपली आठ तारवं, म्हणजे एक फ्रिगेट, दोन गुराबा, तीन शिबाडं आणि दोन मचवे, कुठे नांगरायची ते लिहावं; आणि पंचानं दोन्ही कागद ताडून पाहावेत. पंच हवाच. राइसविट्झनं १८२४ साली प्रशियाच्या सैन्यापुढे आपला युद्धखेळ मांडला तोही पंचाच्याच भरवशावर, कारण शत्रूच्या सगळ्या सोंगट्या दिसत असतील तर अंधार उरतच नाही. दुसरा भाग टेबलावरचा, १८ तारखेच्या पहाटेचा. पण ती लढाई व्हावीच अशी सक्ती नको. रसद आपोआप पोचत असताना दौलतखानानं उघड्या समुद्रात चाल का केली, हा प्रश्न खेळाडूलाही पडू दे. रात्री मचवे अडू लागले तरच त्याला चाल करावीशी वाटेल.

आता पाण्याबद्दल. हा भाग तू दोन ओळींत उरकलायस आणि माझ्या मते खरी लढाई इथेच आहे. तू पंचांग उघडून १८ ऑक्टोबरची तिथी काढलीस, पण इंग्रज तेव्हा जुनी, ज्युलियन दिनदर्शिका वापरत होते. त्यांनी ती १७५२ साली सोडली. सतराव्या शतकात तिच्यात दहा दिवस मिळवावे लागतात, म्हणजे आजच्या गणनेनं ती लढाई २८ ऑक्टोबरची. मागे हिशेब करत गेलं की ती पहाट आश्विन वद्य अष्टमी-नवमीच्या सुमाराची ठरते, दिवाळीच्या अमावास्येला सहाएक दिवस बाकी असतानाची. म्हणजे उधाण नाही, भांग; पाण्याचा चढ-उतार कमी. आणि आपल्याकडचा जुना ठोकताळा तुला ठाऊक आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात. लढाई उजाडताना सुरू झाली आणि भरतीही उजाडतानाच पूर्ण होत होती!

याचा टेबलावर काय अर्थ होतो ते बघ. पहाटे खाडीच्या तोंडावरच्या वाळूवर पाणी सगळ्यात जास्त, त्यामुळे गुराबा-गलबतं बिनघोर बाहेर पडू शकतात. सात-साडेसातपासून ओहोटी लागते आणि दुपारी बाराएकच्या सुमारास पाणी तळाला जातं. भांग असल्यामुळे ओढ मध्यम, पण उथळ जागी तेवढीही पुरते. मराठ्यांनी माघार घेतली तर ते अशा पाण्यात शिरतात जिथे खोल बुडाच्या रिव्हेंजला पाठलाग करता येत नाही. दर दोन पाळ्यांनी किनाऱ्यालगतची एक पट्टी उथळ होत गेल्याचं पंचानं नकाशावर दाखवावं. गलबतांना ती मोकळी, मोठ्या गुराबांना धोक्याची, फ्रिगेटला बंद. एवढ्या एका नियमानं तुझ्या खेळातली माघार हा पराभव न राहता डावपेच होईल.

वारा मात्र तू बरोबर धरलायस, फक्त त्याची वेळ ठरव. पावसाळा संपल्यावर खांदेरीसमोरच्या थळच्या किनाऱ्यावर पहाटे समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की वारा पाठीला लागतो. तो मतलई. कोळ्यांच्या होड्या त्याच वाऱ्यावर बाहेर निघतात. सूर्य वर आला की तो मरगळतो, मधे काही वेळ समुद्र तेलासारखा निपचित पडतो, आणि मग खारा वारा तोंडावर येतो. तेव्हा पहिल्या पाळ्यांत वारा जमिनीकडून आणि मंद, मग पडलेला, मग वायव्येकडून वाढता, असा तक्ता कर. वारा पडला की वल्ह्यांचं राज्य. गलबतं मोठ्या गुराबांना दोरानं ओढून नेऊ शकतात, रिव्हेंज मात्र जागची हलत नाही. आणि वारा असला तरी चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याच्या तोंडाशी साधारण ६७ अंशांहून जवळ जाऊ शकत नाही. आपल्या तिरक्या शिडांच्या होड्या त्याहून जवळ जातात.

तुझ्या टेबलाची लांबी सहा फूट, रुंदी चार. एक सेंटिमीटरला पन्नास मीटर धर. म्हणजे लांबीत नऊ किलोमीटर बसतात आणि रुंदीत सहा. खांदेरी किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटर, ती रुंदीत बरोबर मावते. शेजारचं उंदेरी बेट किनाऱ्याजवळ, एक किलोमीटरभरावर. इंग्रजांची मुंबई टेबलाबाहेरच राहू दे, ती वीसेक किलोमीटर दूर आहे. तिथून कुमक फक्त पंचाच्या वहीत येईल. पाळी पाच मिनिटांची. जोरानं वल्हवलेलं गलबत बारा सेंटिमीटर जाईल, पण सलग तीन पाळ्यांनंतर माणसं दमतील. मंद वाऱ्यावर रिव्हेंज सहा सेंटिमीटर. तोफांचा खरा परिणाम सात-आठ सेंटिमीटरच्या आत, त्यापुढे नुसता धूर. या प्रमाणात जहाज अर्ध्या सेंटिमीटरचंच निघेल, त्यामुळे सोंगट्या प्रमाणाबाहेर मोठ्या असणारच. मोजमाप डोलकाठीपासून घे.

तोफांचे तक्ते मात्र पूर्ण बदलावे लागतील. तू ते ‘वुडन शिप्स अँड आयर्न मेन’सारख्या खेळातून उचललेत हे उघड दिसतं. तो खेळ उत्तमच आहे, पण तो रांगेत उभ्या राहून कुशीच्या तोफा डागणाऱ्या युरोपी ताफ्यांचा. गुराबेचा जोर नाळेवरच्या, समोर रोखलेल्या तोफांत. ती शत्रूकडे तोंड करून येते आणि म्हणून शत्रूला तिची कूस दिसतच नाही. टेबलावर एक पाळी डोळ्यांसमोर आण. वारा पडतोय, रिव्हेंज फक्त तीन सेंटिमीटर सरकू शकते. तिच्या पिछाडीच्या कोनात पाच गलबतं वल्ही मारत येतायत, जिथे तिच्या फार थोड्या तोफा लागू पडतात. केग्विनच्या जागी बसलेल्या मित्राला ठरवायचं आहे, आहे ती गती खर्च करून कूस वळवायची, की गती राखून निसटायचं. वळवली आणि ती वेळेवर वळली, तर गलबतांची धूळधाण होईल. एक पाळी उशीर झाला, तर गलबतांवरची माणसं दोर टाकून वर चढतील. त्या माणसानं १६७९ साली जे सोसलं त्याची थोडी कल्पना तुझ्या मित्राला यावी, इतका तो क्षण अवघड कर.

इथे तुला एक कळकळीची विनंती आहे. रिव्हेंज दुबळी करू नकोस. तुझ्या यादीत तिला तू मध्यम गुराबेइतकीच ताकद दिलीयस आणि मराठा गलबतांना धैर्याचे जादा गुण. तुझ्या मनातला अभिमान मी समजू शकतो, तो माझ्याही मनात आहे. पण सगळी तारवं सोडून गेल्यावर मोठ्या काफिल्यापुढे एकटं उभं राहणारं जहाज दुबळं नव्हतं. केग्विन साधा माणूस नव्हता. पुढे १६८३ साली हाच केग्विन मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीविरुद्धच उठला. असा शत्रू समोर असताना मायनाक भंडारीनं बेट राखलं, यातच त्याचं मोठेपण आहे. शत्रूची ताकद कमी लिहिलीस तर त्याचंही मोल कमी होईल.

त्याच वेळी इंग्रजांचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं उचलूही नकोस. त्या दिवसाचं जवळजवळ सगळं वर्णन इंग्रजांच्या लेखणीतलं आहे. पाच गलबतं बुडाली हा त्यांचा दावा. दौलतखानाच्या तारवांचा आकडाही नक्की नाही. तेव्हा पंचानं सुरुवातीला फासा टाकून तो ठरवावा आणि इंग्रज खेळाडूला सांगू नये. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानं १९३१ साली छापलेला इंग्रजी पत्रांचा संग्रह तुझ्या कॉलेजच्या ग्रंथालयात मिळाला तर सप्टेंबरपासूनची पत्रं ओळीनं वाच. मुंबईच्या इंग्रजांची चणचण, सुरतेच्या इंग्रजांचा सबुरीचा सूर, रिव्हेंज गमावण्याची धास्ती, हे सगळं तिथे आहे. इंग्रज खेळाडूवर एक बंधन त्यातूनच घाल: रिव्हेंज गेली तर बाकी काहीही झालं तरी तो हरला.

सिद्दीला तिसरा खेळाडू कर. नावाला तो इंग्रजांच्या बाजूचा, पण त्यानं खांदेरी घेतली तर ती तो सोडेल का, ही शंका इंग्रजांना होतीच. जानेवारी १६८० मध्ये त्यानं उंदेरी बळकावली तेव्हा ती शंका किती रास्त होती ते दिसलं. त्याच्या गुप्त अटी फक्त पंचाला ठाऊक असाव्यात.

टेबलावर सोंगट्या सरकवून समुद्र कळतो का, असं तुझे बाबा विचारतात, हे तू लिहिलंयस. त्यांना सांग, स्कॉटलंडचा जॉन क्लार्क हा आरमारात कधीच नव्हता. त्यानं टेबलावर छोटी जहाजं मांडून लढाया तपासल्या, १७८२ मध्ये आपला निबंध छापला, आणि तो खुद्द ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्यांनी वाचला. आणि हेही सांग, खांदेरी २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत आली. आता तिथे जाणारे वाढतील. बेट कसं राखलं गेलं हे त्यांना भिंती पाहून फारसं कळणार नाही, हा डाव खेळून कळू शकेल.

तेव्हा नियम दुरुस्त कर आणि नाताळच्या सुट्टीत मित्रांना घेऊन इकडे ये. मी पंच होईन. तोवर तिथे निदान दोन डाव खेळा, दुसऱ्यात बाजू बदलून. कोण जिंकलं ते नाही कळवलंस तरी चालेल. बेटाला किती मचवे लागले ते मात्र न चुकता लिही.

तुझा,
मामा