आबांचा कान

दिवाळीच्या फराळाला मंडळी येणार, म्हणून आदल्या संध्याकाळी माझी जुनी रोटरी इंजिनाची गाडी ड्राइव्हवेतून रस्त्यावर काढली आणि लगेच बंद केली. दोन मिनिटांचं काम. सकाळी कॉव्हेंट्रीच्या थंडीत किल्ली फिरवली, तर स्टार्टर नुसता घरघरतोय, गाडी काही सुरू होईना.

आबा शाल गुंडाळून बाहेर आले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर आयुष्य गेलेला माणूस. इथे आल्यापासून मात्र "मला इथलं काय कळतंय" म्हणत खिडकीशी बसायचे.

"पुन्हा फिरव. आवाज ऐकू दे."

ठोके एकसारखे पडत होते, म्हणजे कॉम्प्रेशन ठीक. पेट्रोलचा वास मात्र भपकन आला.

या इंजिनात पिस्टन नसतो, तिकोनी रोटर फिरतो. थंड असताना पेट्रोल जास्त जातं. तापण्याआधी बंद केलं की ते आतच साचतं आणि प्लग भिजतात. पंपाचा फ्यूज काढला, कॉइल सोडवल्या, दोन रोटरांचे चारही प्लग काढून वाळवले. मोकळा स्टार्टर फिरवून आतलं पेट्रोल बाहेर काढलं, बॅटरी चार्ज केली. सगळं परत जोडल्यावर गाडी पांढरा धूर ओकत सुरू झाली.

पुढच्या रविवारी तिच्यातूनच सॉलिहलजवळचं नॅशनल मोटरसायकल म्युझियम पाहिलं. १९९२ साली आईल ऑफ मॅनची सीनियर टीटी स्टीव्ह हिस्लपने रोटरी नॉर्टनवर जिंकली, हे मी सांगत होतो. आबा तशाच एका नॉर्टनवर वाकले होते.

"हिचे प्लग कुठनं काढायचे रं?"

खिडकीजवळची खुर्ची त्यानंतर रिकामीच असायची.