वहीची दोन पाने

प्रो कबड्डीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी मी एका वहीत नव्या खेळाडूंची यादी लिहितो. कोणाला किती भाव मिळाला, कोणाचा गाजावाजा जास्त, त्या क्रमाने. हंगाम संपला की समोरच्या पानावर दुसरी यादी लिहितो. कोण प्रत्यक्षात कसा खेळला, त्या क्रमाने. जमाखर्चाच्या नोंदी करण्यात माझी वीस वर्षे गेली, त्याचीच ही सवय म्हणा. भाईंदर लोकलमधले सोबती या वहीला हसतात, पण हंगाम संपल्यावर तेच ती मागून घेतात. या दोन पानांविषयी आज वाचकांशी, विशेषतः मुलांच्या आईवडिलांशी, थोडे बोलायचे आहे.

२०१८ सालचे पाहा. त्या वर्षीच्या लिलावात सर्वांत मोठी बोली मोनू गोयतवर लागली, १ कोटी ५१ लाख रुपयांची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई या स्पर्धेत प्रथमच उतरत होता. यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले. हंगाम संपला तेव्हा सिद्धार्थच्या नावावर चढाईचे २१८ गुण होते आणि मोनूचा हरियाणा संघ आपल्या गटात तळाला होता. दिल्लीचा नवीन कुमार तेव्हा अवघा अठरा वर्षांचा. त्यानेही पहिल्याच वर्षी दीडशेहून अधिक गुण मिळवले. पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, तेलुगू टायटन्सने सिद्धार्थला १ कोटी ४५ लाखांना घेतले. त्या लिलावातला तो सर्वांत महाग खेळाडू. एका हंगामात भाव जवळजवळ चौपट!

इथपर्यंतची गोष्ट सर्वांना आवडते. मागचा पुढे गेला, न्याय झाला, असे म्हणून आपण समाधान मानतो. पण गोष्ट तिथे संपत नाही. २०१९ मध्ये सिद्धार्थने पुन्हा दोनशेच्या वर गुण मिळवले, तरी त्याचा संघ बारा संघांत अकरावा आला. त्यानंतरच्या हंगामात दुखापतीमुळे त्याला मोजकेच सामने खेळता आले. म्हणजे दुसरे पानही कायमचे नव्हते. पहिल्या पानावर बाजाराचा अंदाज होता, दुसऱ्या पानावर एका वर्षाचा हिशेब होता. त्या पोराच्या साऱ्या आयुष्याचा हिशेब दोहोंतही नव्हता.

आता पुणेरी पलटणचे उदाहरण घ्या. डिसेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२ या हंगामात त्या संघात राहुल चौधरी आणि नितीन तोमर ही मोठी नावे होती. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत ही दोन पोरे नवी. अस्लम त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. वडील लवकर गेले, आईने मोलमजुरी करून घर चालवले. हंगाम पुढे सरकला तसा संघाचा भार या दोन नव्या पोरांच्या खांद्यावर आला. पुढच्या हंगामात पुणेरी पलटणने अंतिम फेरी गाठली, पण डिसेंबर २०२२ मधल्या त्या अंतिम सामन्याला दोघेही दुखापतीमुळे नव्हते. संघ हरला. मग १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला अस्लमच्याच नेतृत्वाखाली पुण्याने हरियाणाला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. त्या हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून अस्लमलाच गौरवले गेले. आणि हरलेल्या हरियाणाच्या संघात कोण होता? तोच सिद्धार्थ देसाई, १ कोटीचा भाव घेऊन पुन्हा उभा राहिलेला.

नव्या पोरांचा क्रम वर्षभरानंतर पुन्हा लावण्याची ही आवड काही आपल्या लोकलपुरती नाही. ऑस्ट्रेलियात फुटबॉलचा एक वेगळाच प्रकार खेळतात. मैदान लंबगोल, एका संघाचे अठरा खेळाडू मैदानात, चेंडू हाताने आणि पायाने दोन्ही प्रकारे पुढे न्यायचा. तिथे नव्या पोरांचा लिलाव होत नाही. संघ पाळीपाळीने एकेक मुलगा निवडतात आणि मागच्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाची पाळी सर्वसाधारणपणे पहिली येते. वर्षभराने तिथले शौकीन बसतात आणि म्हणतात, आज पुन्हा निवड झाली तर पहिला कोणाला घ्याल?

२००१ साली तिथे झालेली निवड फार गाजली. पहिला निवडला गेला ल्यूक हॉज, तिसरा ख्रिस जड. मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे ब्राउनलो पदक जडने २००४ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये मिळवले. हॉजही मागे राहिला नाही. त्याच्या नेतृत्वाखाली हॉथॉर्नने २०१३, २०१४ आणि २०१५ अशी सलग तीन विजेतेपदे जिंकली. पण मला मोलाचा वाटतो तो तिसराच मुलगा. डेन स्वान त्याचे नाव. त्याचा क्रमांक होता अठ्ठावन्नावा. पहिल्या वर्षी मुख्य संघातून तो एकही सामना खेळला नाही. वर्षभराने कोणी यादी पुन्हा लावली असती तर त्याला अठ्ठावन्नावी जागाही कोणी दिली नसती. त्याच स्वानने २०११ मध्ये ब्राउनलो पदक मिळवले, निवडीनंतर दहा वर्षांनी!

वाचकहो, एकदा लिहिलेली जागा कधीच बदलू न देणाऱ्या क्रमवारीचे दुःख आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे. म्हणून क्रम पुन्हा लावला जातो, याचा मला आनंदच आहे. मात्र पुन्हा लावलेला क्रमही पेन्सिलीनेच लिहावा, शाईने नव्हे, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे सगळे आठवायला कारण घडले. मी ज्या मुलांच्या सरावाकडे संध्याकाळी लक्ष देतो त्यांत गोडदेवकडचा एक मुलगा आहे. कोपऱ्यात खेळतो, पकड चांगली आहे. जिल्ह्याच्या संघात त्याची निवड झाली, पण वर्षभर तो बहुतेक बाहेरच बसून राहिला. त्याच्याबरोबर निवडलेल्या पोराचे नाव मात्र पेपरात आले. एका रविवारी मुलाची आई माझ्याकडे आली. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात ती पॉलिशच्या कामाला जाते. म्हणाली, "भाऊ, एक वर्ष झालं. याच्या खेळात काही दम असता तर दिसला असता ना? आमचे शेठ याला कामावर घ्यायला तयार आहेत. सांगा, घालू का?"

मी तिला म्हटले, "ताई, वर्षभरात तो किती वेळ मैदानात होता, ते आधी बघू." आम्ही मुलाला बसवून हिशेब केला. सगळे सामने मिळून तो जेमतेम एका सामन्याइतका वेळ खेळला होता. तेवढ्या वेळात त्याने सात पकडी केल्या होत्या. दुसऱ्या मुलाच्या पकडी जास्त, पण तो प्रत्येक सामना पूर्ण खेळलेला. नुसती बेरीज पाहिली तर आपला पोरगा मागे. मिळालेल्या वेळाने भागले तर तो मागे नव्हता. ती माउली बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, हे बरोबर असेल. पण भाडं दर महिन्याला द्यावं लागतं." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि तिला खोटी आशा दाखवण्याचा मला अधिकार नव्हता. शेवटी तिनेच तोड काढली. मुलगा सकाळी कॉलेजला जाईल, दुपारी चार तास कारखान्यात काम करील आणि संध्याकाळी मैदानावर येईल. आणखी एक वर्ष.

खेळ हिशेबात आणताना काही गोष्टी विसरू नयेत. बदली म्हणून उतरणाऱ्या चढाईपटूला पुष्कळदा करो या मरोच्या चढाईलाच पाठवतात. तिथे गुण तरी आणायचा, नाहीतर बाद व्हायचे. त्याचे अपयश आणि रोज मोकळेपणाने चढाई करणाऱ्याचे अपयश एका मापाने मोजू नये. कोपरारक्षकाची पकड टिकते ती शेजारचा वेळेवर धावून आला तर. गुण मात्र एकाच्या नावावर लागतो. आणि दुखापत झालेल्या पोराच्या नावापुढे शून्य लिहू नये, जागा कोरी सोडावी. २०२२ च्या लिलावात २ कोटी २६ लाखांचा विक्रमी भाव मिळालेला पवन सेहरावत पहिल्याच सामन्यात जखमी होऊन हंगामाबाहेर गेला. म्हणून तो वाईट खेळाडू ठरला काय?

पालकांना आणखी एक सांगणे. मोठ्या लिलावापर्यंत पोहोचणारी पोरे मूठभर. पण राज्य शासनाच्या नोकरीत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. कोणत्या स्पर्धेत कोणता क्रमांक हवा याचे नियम ठरलेले आहेत, आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. मुलाने खेळलेल्या प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र, तारीख, आयोजक संघटनेचे नाव हे सारे एका फाइलमध्ये जपून ठेवा. हरलेल्या स्पर्धेचेही ठेवा. खेळ सुटला तरी शिक्षण सुटू देऊ नका. दोन्ही पायांवर उभा असलेला माणूस सहजासहजी पडत नाही.

आणि घरात भावंडांसमोर, शेजाऱ्यांसमोर, "तो बघ कुठे गेला आणि तू बघ कुठे" असे आपल्या मुलाला एका वर्षाच्या निकालावरून कधी म्हणू नका. हिशेब जरूर करा, दरवर्षी करा, कठोरपणे करा. फक्त खाली दुहेरी रेघ ओढून खाते बंद करण्याची घाई करू नका.