गाविलगडच्या दरवाजांत

११ जुलै २०२५ला पॅरिसमध्ये युनेस्कोच्या समितीने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, याचा आनंद सगळ्या महाराष्ट्राने साजरा केला. त्याच बैठकीत कंबोडियातली तीन स्मृतिस्थळंही यादीत आली, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांपैकी चोएंग एक इथे ख्मेर रूजने मारलेल्या माणसांच्या सामूहिक कबरी आहेत. जवळजवळ नऊ हजार देह तिथून निघाले. आज जगभरचे पर्यटक तिकीट काढून तिथे जातात आणि जिवंत राहिलेल्यांच्या आठवणी ऐकत फिरतात.

वारसास्थळांच्या जतनाचं काम करताना मला या दोन नोंदी एकत्र वाचाव्याशा वाटतात. किल्ला म्हटलं की आपण तट, बुरूज, तोफा, टाकी यांची मोजदाद करतो. तिथे मेलेल्या माणसांना त्या यादीत जागा नसते.

आमच्या वऱ्हाडातला गाविलगडच घ्या. २९ नोव्हेंबर १८०३ला अडगावच्या मैदानात नागपूरकर भोसल्यांची फौज ईस्ट इंडिया कंपनीचा सेनानी आर्थर वेलस्ली याच्यापुढे मोडली आणि उरलेलं पायदळ गाविलगडावर गेलं. वेलस्लीचा जोडीदार सेनानी स्टीव्हन्सन याने जड तोफा डोंगरातून ओढत नेऊन उत्तरेची बाजू धरली. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारातून इंग्रज आत घुसले. आतला तट शाबूत होता. त्याला कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावल्या. त्यानंतर जे घडलं त्याला लढाई म्हणायला जीभ धजत नाही. दरवाजादरवाजांत माणसं कापली गेली, हे खुद्द वेलस्लीने लिहून ठेवलं आहे. किल्लेदार बेनीसिंगाचा देह अशाच एका राशीत सापडला. बायकामुली शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांच्यावर घरच्यांनीच शस्त्र चालवलं होतं. काही मेल्या, काही घायाळ सापडल्या.

दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी गमावला आणि तो निजामाकडे गेला. आमचं कारंजा त्याच मुलखात. गुरुमंदिराच्या या गावाचा धनी ज्या रक्तपातानंतर बदलला, त्याची आठवण इथे कुणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं.

गाविलगडाजवळच्या चिखलदऱ्याला आलेला माणूस भीमकुंड, पंचबोल पाहतो, रबडी खातो, गडावरच्या शिल्पांचे फोटो काढतो. त्याने ते जरूर करावं. पण ज्या दरवाजाखालून आपण चाललो, तिथे काय झालं ते त्याला कळायला हवं. खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांचे नावानिशी दगड आहेत. गाविलगडच्या शिपायांची नावं तशी मिळायची नाहीत. पण पानिपतला तरी कुठे सगळी नावं आहेत? तरीही १४ जानेवारीला मराठी माणसं काळा आंब इथे जमतातच.

गड मेळघाटच्या जंगलात आहे, म्हणून पुतळा नको, रोषणाई नको, ध्वनिप्रकाशाचा खेळ तर नकोच. हाडं शोधायला उकरणंही नको. दरवाजापाशी एक साधा दगड पुरे. त्यावर तारीख असावी, भोसल्यांच्या शिपायांबरोबर कंपनीच्या बाजूने पडलेल्या इथल्याच शिपायांचा उल्लेख असावा, आणि त्या स्त्रियांचाही.

दिवाळीच्या सुट्टीत चिखलदऱ्याला जाणार असाल, तर मुलांना हा इतिहास त्या दरवाजातच सांगा. आणि परतल्यावर असा दगड बसवण्याची मागणी करणारं एक पत्र पुरातत्त्व खात्याच्या नागपूर कार्यालयाला जरूर पाठवा.