जुन्या गाडीचे सुकाणू

तुम्ही जुनी फियाट गाडी पाहिली आहे का? मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी ती तयार करत असे. पुढे तिलाच 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने मुंबईची अनेक वर्षे सेवा केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती सेवा संपली. तरीही हौशी लोकांनी अशा गाड्या जपल्या आहेत. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होते.

माझे मामू अशा गाड्या दुरुस्त करतात. सुटीत मी त्यांच्या गॅरेजमध्ये जाऊन बसतो. इंजिन बिघडले तर गाडी थांबते. पण सुकाणू, म्हणजे स्टिअरिंग, बिघडले तर गाडी भलतीकडे जाते. म्हणून या कामाला मामू सर्वांत जास्त वेळ देतात.

अनेक जुन्या गाड्यांत स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला 'वर्म' नावाचा आटे पाडलेला भाग असतो. हातातले चाक फिरवले की वर्म फिरतो. त्यात गुंतलेला रोलर सरकतो आणि आर्म व टाय रॉड यांच्यामार्फत पुढची चाके वळतात. गाडी बहुतेक वेळ सरळ धावते, त्यामुळे वर्म मधोमध जास्त झिजतो. मग स्टिअरिंगला 'प्ले' येतो, म्हणजे हातातले चाक थोडे फिरवले तरी रस्त्यावरची चाके हलत नाहीत. कोणी घाईने स्क्रू आवळला, तर मधला प्ले जातो, पण वळणावर स्टिअरिंग जाम होते.

कारखान्याचे नवे भाग आता येत नाहीत. मामू चोर बाजारात आणि कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या दुकानांत हिंडतात. मिळालेला भाग स्वच्छ करून ते त्यावर लाल रंगाचे द्रव लावतात, पुसतात आणि वर पांढरी पूड फवारतात. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. असा भाग ते टाकून देतात.

"जुन्या भागासारखाच दुसरा टर्नरकडून का करून घेत नाही?" मी एकदा विचारले.

मामू म्हणाले, "बेटा, झिजलेल्या भागाची नक्कल केली, तर झिजेचीही नक्कल होते."

म्हणून ते न झिजलेल्या जागेचे माप घेतात. कधी सुधारणाही करतात. एका बुशमध्ये ग्रीस खालपर्यंत पोहोचत नव्हते. त्यांनी गनमेटलचा नवा बुश करून आतून खाच पाडून घेतली. मात्र आर्मची लांबी ते कधीच बदलत नाहीत. वळताना आतले चाक बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळावे लागते. ही युक्ती घोडागाडीच्या काळातली. १८१८ साली लंडनमध्ये अ‍ॅकरमन यांनी तिचे पेटंट घेतले होते. लांबी बदलली की हा मेळ बिघडतो.

गेल्या वर्षी एक गृहस्थ तडा गेलेला आर्म घेऊन आले. "वेल्डिंग करून द्या, प्रदर्शनापुरतीच गाडी चालवायची आहे," असे म्हणाले. मामूंनी नकार दिला. गिऱ्हाईक रागावून निघून गेले. त्या महिन्यात गॅरेजमध्ये दुसरे मोठे काम नव्हते. मामू एवढेच म्हणाले, "गाडी त्यांची आहे, पण रस्ता सर्वांचा आहे."

मित्रांनो, उर्दूतला 'हुनर' मराठीत 'हुन्नर' होतो. तुमच्या मोहल्ल्यातही असा एखादा कारीगर असेल. त्याच्याजवळ थोडा वेळ बसा. तो काय बनवतो हे पाहाच; पण कोणते काम तो नाकारतो आणि का, हेही त्याला विचारा.