काळी, पांढरी आणि बासर

आमच्या बीदर जिल्ह्यातून बासरला जायला सरळ रस्ता नाही. औरादवरून देगलूर, तिथून मदनूर, बोधन आणि मग गोदावरीचा पूल. अर्ध्या दिवसात कर्नाटक, महाराष्ट्र आणि तेलंगण अशी तीन राज्ये होतात. गाडीतली मुले दुकानांच्या पाट्या वाचून राज्य ओळखतात, मोठी माणसे रस्त्यावरच्या खड्ड्यांवरून! जमीन मात्र पाटी बदलत नाही. घरात आपण कन्नडमध्ये जिला 'एरी' म्हणतो, मराठीत 'काळी' म्हणतो, तीच पुढे तेलुगूत 'रेगडी' होते. भेगा तशाच, पावसात चपलेला चिकटणारा चिखलही तसाच.

नातेही जुने आहे. भालकी, बीदरकडून वाहत जाणारी मांजरा पुढे कंदकुर्तीला गोदावरीत मिसळते आणि तेच पाणी बासरच्या घाटाला लागते. म्हणजे आपल्या वावरातून वाहून गेलेली माती बासरच्या देवीने कधीच पाहिलेली आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत ही सगळी एकाच हैदराबाद राज्यातली गावे होती. बासर ज्या मुधोळ तालुक्यात होते तो तालुका तेव्हा नांदेड जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेच्या कायद्याने मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कले आंध्रात गेली, देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कलेही गेली, आणि आपल्या बीदरचे जहिराबाद, नारायणखेड त्याच वाटेने गेले. त्यानंतर बासर आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१४ ला तेलंगण झाले आणि ११ ऑक्टोबर २०१६ पासून ते निर्मल जिल्ह्यात आहे. जुन्या माणसांच्या तोंडी अजून आदिलाबादच असते. देवळाच्या रांगेत उभे राहिले की मराठी इतकी कानावर पडते की पुनर्रचना झाली होती याचा विसर पडतो.

देवीची कथा बहुतेकांना माहीत आहे. व्यासांनी गोदेच्या काठी तप केले, रोज स्नान करून येताना तीन मुठी वाळू आणली आणि त्या वाळूतून सरस्वती, लक्ष्मी आणि काली अशा तीन मूर्ती घडवल्या. व्यासाचे ते वासर, वासरचे बासर. देऊळ कर्नाटकाकडच्या बिजियालुडू नावाच्या राजाने बांधले अशीही कथा सांगतात. हे नाव ऐकून आपल्याकडच्या भाविकांना लगेच बसवकल्याणचा बिज्जळ आठवतो. पण कथेतला राजा सहाव्या शतकातला आणि कल्याणचा कलचुरी बिज्जळ बाराव्या शतकातला, तेव्हा हा मोह आवरलेला बरा. मूर्तीवर हळदीचा लेप असतो, तोच चिमूटभर प्रसाद म्हणून मुलांच्या जिभेवर ठेवतात. त्या हळदीचा मुलूखही जवळच, निजामाबादेचा. २०२५ च्या जानेवारीत सुरू झालेल्या राष्ट्रीय हळद मंडळाचे मुख्यालयही तिथेच आहे.

मी गेलो होतो तो भाचीच्या अक्षराभ्यासासाठी. अक्षरे गिरवून झाली, फोटो झाले, मंडळी जेवणाच्या रांगेत गेली आणि मी गावाबाहेर फिरायला निघालो. माणूस देवळापेक्षा देवळाच्या बाहेर जास्त शिकतो, असे माझे मत आहे. घरच्यांचे तसे नाही.

बासर वाढते आहे, आणि त्याची कारणे चांगली आहेत. देऊळ आहे, निजामाबाद-मुदखेड लोहमार्गावरचे स्टेशन आहे, राष्ट्रीय महामार्ग आहे. शिवाय २००८ साली इथे राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ आले. दहावी झालेल्या खेड्यातल्या हुशार मुलांना सहा वर्षे निवासी शिक्षण देणारी ही संस्था सगळ्या परिसरात 'ट्रिपल आयटी' म्हणूनच ओळखली जाते. हजारो मुले म्हणजे त्यांचे पालक, पालकांच्या लॉज, लॉजसमोरचे इडलीवाले. याला कोण वाईट म्हणेल? पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस-सोयाबीनच्या वावरात मधेच एक कमान दिसते. कमानीवर देवीचे चित्र, आत मुरमाचे आखीव रस्ते, कडेला पांढरे रंगवलेले दगड. तेलंगणात याला 'वेंचर' म्हणतात. आपल्याकडे कर्नाटकात 'साइट', महाराष्ट्रात 'प्लॉटिंग'. आत घर एकही नाही. काँग्रेस गवत मात्र कमरेइतके.

छोट्या गावांच्या पसरण्याची खरी तऱ्हा हीच आहे असे मला वाटते. मोठ्या शहरात शेत जाते आणि तिथे इमारत येते; निदान कोणी राहते तरी. इथे शेत जाते आणि काहीच येत नाही. प्लॉट घेणारा हैदराबादला, नांदेडला किंवा आपल्या बीदरला असतो. त्याला घर बांधायचे नसते, भाव वाढेपर्यंत थांबायचे असते. दगड रोवल्यानंतर तिथे नांगर चालत नाही आणि शेजारच्या वावरात जायची बैलगाडीची वाट बंद होते. मग शेजारीही कंटाळून विकतो.

भाषा कशी बदलते तेही पाहण्यासारखे आहे. शेत एकरात असते. भावाभावांत वाटणी झाली की ते गुंठ्यात येते, चाळीस गुंठ्यांचा एकर, हे तिन्ही राज्यांत सारखेच. पण विकायची वेळ आली की तेलंगणात ते गजात मोजतात. एका एकरात ४,८४० चौरस गज. रस्ते-नाल्यांना तिसरा हिस्सा सोडला तरी दोनशे गजाचे सोळा प्लॉट. जो आकडा एकरात लहान दिसतो तो गजात गेला की डोळे दिपवतो.

एका वावराच्या बांधावर तीन एकरांचे मालक भेटले. साठीचे गृहस्थ, घरची बोली मराठी, बाजारची तेलुगू. मी उगाच शहाणपणाचे दोन शब्द बोलून पाहिले. ते म्हणाले, "सर, तुमचं बरोबर हाय. पण सोयाबीनचा भाव काय होईल, कोणी सांगत नाही. प्लॉटचा भाव मात्र दर सहा महिन्याला घरी येऊन सांगतेत." दोन मुलींची लग्ने झाली होती, मुलगा निजामाबादला मोबाइलच्या दुकानात. "मी हाय तवर काळी हाय. नंतरचं तुम्हीच सांगा."

त्यांनी 'काळी' हा शब्द वापरला आणि मला आपल्या जुन्या गावाची रचना आठवली. मराठी मुलखात गावाचे दोनच भाग मानत. पांढरी म्हणजे वस्तीची जागा आणि काळी म्हणजे कसायची जमीन. पिढ्यान्‌पिढ्या घरे पडून, राख-माती साचून वस्तीची माती पांढरट होते. मराठवाड्यातल्या माळवदांवर तीच पसरायची. गाव वाढायचे ते पांढरीतच. यात केवळ श्रद्धा नव्हती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. तिच्यावर साध्या पायाचे घर बांधले तर चार वर्षांत भिंतीला भेगा. वेंचरवाले हे सांगत नाहीत. पांढरीलाच पुढे महसुली भाषेत गावठाण म्हटले, कन्नडमध्ये ग्रामठाणा, तेलुगूत ग्रामकंठम. तिन्ही शब्दांमागचा हिशेब एकच: घरे इथे, पीक तिथे.

आजचे नगररचनाकार फिरून याच जागी आले आहेत. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने १९७३ साली कायदा करून प्रत्येक शहराला वाढीची हद्द आखायला लावली, हद्दीबाहेर शेती. मेरीलँडने १९९७ साली वेगळी युक्ती केली. लोकांना थेट मनाई करण्याऐवजी सरकारने स्वतःलाच शिस्त लावली: वाढीसाठीचा राज्याचा पैसा ठरलेल्या वस्तीच्या भागातच खर्च करायचा. मला हे जास्त पटते. आपल्याकडे आधी डांबरी रस्ता जातो, मागून विजेचा खांब जातो आणि मग पंचायतीला पाणी न्यावेच लागते. वेंचरवाला कमान बांधतो. तिची किंमत वाढवणारा खर्च मात्र आपल्या सगळ्यांच्या पैशातून होतो.

बांधावरच्या त्या गृहस्थांचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही. शेजाऱ्याने विकून पैसा केला आणि मी मात्र देशासाठी काळी राखायची, हा कुठला न्याय? ओरेगॉनमधल्या शेतकऱ्यांनीही हेच विचारले होते, आणि २००४ च्या मतदानात तिथल्या जनतेने जमीनमालकांना भरपाईचा हक्क दिला. २००७ मध्ये तो पुन्हा आवळला गेला. मेरीलँडमधल्या माँटगोमेरी परगण्याने १९८० पासून मधला मार्ग काढला. तिथे सुमारे ९३ हजार एकर शेतीसाठी राखले, पण शेतकऱ्याला दर पाच एकरांमागे बांधकामाचा एक हक्क दिला. हा हक्क तो शहरातल्या बिल्डरला विकू शकतो. बिल्डर शहरात जास्त बांधतो, शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो आणि शेत शेतच राहते. मुंबईत १९९१ पासून असलेला टीडीआर याच जातीचा. तो शेत वाचवायला आपण वापरला नाही एवढेच. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी जमिनी विकून मोकळे होण्याऐवजी एकत्र केल्या, सुमारे चारशे एकर, आणि स्वतःच नगर वसवून त्यात भागीदार राहिले. त्यात शेतकरी वाचला हे खरेच; ऊस मात्र गेला.

आपले कायदे काय करतात? २०१३ चा भूसंपादन कायदा म्हणतो की दुबार पिकाची ओलिताची जमीन सरकारने अगदी नाइलाज असेल तरच घ्यावी, आणि घेतली तर तेवढीच पडीक जमीन लागवडीखाली आणावी. चांगले आहे. पण खासगी खरेदी-विक्रीला ते लागू होत नाही. तिथे अकृषिक परवाना आणि ले-आउटची मंजुरी हेच काय ते दोन दरवाजे, आणि ते चुकवणाऱ्यांसाठी तिसरा दरवाजा आपण नेहमी उघडा ठेवतो. महाराष्ट्रात २००१ साली गुंठेवारीचा कायदा आला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटांसाठी वाढली. कर्नाटकातल्या 'अक्रम-सक्रम'ला २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. तेलंगणाने २०२० च्या ऑगस्टमध्ये विनामंजूर प्लॉटांची नोंदणी थांबवली आणि त्याच आठवड्यात ते नियमित करण्याची योजनाही आणली. २५ लाखांहून अधिक अर्ज आले. गरीब माणूस फसू नये म्हणून अशी सूट लागते, हे मी मान्य करतो. पण पुढच्या सवलतीची वाट पाहणारे वेंचर तिच्याच भरवशावर उभे राहते.

महाराष्ट्रात गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरपर्यंतच्या जमिनीला अकृषिक वापराची मोकळीक दिली आहे. हा नियम पांढरीला लागूनच पांढरी वाढवणारा आहे. बासरला तेच हवे. स्टेशन, देऊळ आणि जुने गाव यांच्या मधल्या रिकाम्या जागा आधी भराव्यात, लॉज दोन मजले उंच करावेत, विद्यार्थ्यांच्या आणि प्राध्यापकांच्या खोल्या तिथेच व्हाव्यात. रिकाम्या प्लॉटावर दर वर्षी वाढता कर बसवला तर काँग्रेस गवत आपोआप कमी होईल, असा माझा अंदाज आहे.

बासरच्या घाटावरून खाली पाहिले की जे पाणी दिसते ते अर्धे नदीचे आणि अर्धे धरणाचे. २६ जुलै १९६३ ला नेहरूंनी पोचमपाडला ज्याचा पाया घातला त्या श्रीरामसागरचा हा वरचा फुगवटा. त्या पाण्याखाली गावेही गेली, काळीही गेली. धरण ११२ टीएमसीचे म्हणून ओळखले जाई. गाळ भरून आज ते ८० च्या आसपास आले आहे. तो गाळ म्हणजे आपल्याच वावरांची माती. वर धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा आहे. त्याच्या पाण्यावरून दोन राज्ये वर्षानुवर्षे भांडली आणि २८ फेब्रुवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे. पाण्यासाठी तारीख ठरली, टीएमसी ठरले, देखरेखीची समिती ठरली. मातीसाठी असा एकही दरवाजा नाही.

आणि यात आपणही आहोत. आमच्या स्टाफरूममध्ये बासरच्या प्लॉटची रंगीत पत्रके फिरतात. सरस्वतीच्या गावात आपला एक तुकडा असावा, या भावनेला कोण नाही म्हणणार? आमच्या घरीही हा विषय निघाला. दोनशे गज, हप्त्याने. बायकोने हिशेब मांडला, मी कागदपत्रांची यादी केली. सासूबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी मान वर न करता कन्नडमध्ये एवढेच विचारले, "अल्लि यार इरतार?" तिथे राहणार कोण?

यादीत ले-आउटची मंजुरी होती, अकृषिक परवाना होता, सातबाऱ्याच्या जागी पहाणी होती. हा प्रश्न नव्हता. पत्रकात दाखवलेला सर्व्हे नंबर कुणाची काळी होती तेही त्यात लिहिलेले नव्हते. पत्रक सध्या फ्रीजवर चुंबकाखाली आहे. आगाऊ रक्कम भरायची मुदत कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आहे.